आईच्या नव्या केमोत 'नॅनो' औषध आहे म्हणतात. म्हणजे नेमकं काय?

सांजवारा

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसता वाचत आलोय, धागा पहिल्यांदाच काढतोय.

आईला (वय ६३) दोन वर्षांपूर्वी अंडाशयाचा कर्करोग निघाला. शस्त्रक्रिया झाली, कार्बोप्लॅटिन आणि पॅक्लिटॅक्सेलच्या सहा केमो झाल्या, मधलं वर्ष बरं गेलं. आता आजार उलटलाय. डॉक्टरांनी 'लायपोसोमल डॉक्सोरुबिसिन' सुचवलंय, दर चार आठवड्यांनी एकदा. म्हणाले, "औषध जुनंच आहे, फक्त नॅनो कणांत भरलेलं आहे." मी मान डोलावली. घरी येऊन आईला सांगायला बसलो तेव्हा लक्षात आलं की मला स्वतःलाच काही कळलेलं नाही.

घरच्या ग्रुपवर हा शब्द टाकल्यापासून दोन तऱ्हेचे संदेश येताहेत. एक म्हणजे रक्तातून पोहत जाऊन गाठ कुरतडणाऱ्या यंत्रमानवांचे व्हिडिओ. दुसरे थोरल्या भावाचे, की हे सगळं प्रयोगाच्या पायरीवर आहे, आईवर प्रयोग नको. आई दोन्ही ऐकते आणि माझ्याकडे बघते.

हे औषध नवीन आहे का, कण नक्की काय करतात, आणि नंतर ते शरीरात कुठे जातात, एवढं कुणी साध्या भाषेत सांगेल का? उपचाराचा निर्णय डॉक्टरांचाच. मला फक्त आईच्या प्रश्नांना खरी उत्तरं द्यायची आहेत.

नंदू_का

आईंना उतार पडो. धागा वाचतोय.

रेणूसूत्र

पहिल्या प्रश्नाचं उत्तर लगेच देतो, म्हणजे भावाची काळजी थोडी हलकी होईल. पेगचं आवरण असलेल्या लायपोसोममधल्या डॉक्सोरुबिसिनला अमेरिकेत १९९५ साली मान्यता मिळाली. तिथे मान्यता मिळालेलं हे पहिलं नॅनो औषध मानतात. आधी एड्ससोबत येणाऱ्या कापोसी सार्कोमा या कर्करोगासाठी होतं, १९९९ पासून अंडाशयाच्या उलटलेल्या कर्करोगासाठीही. म्हणजे हे प्रयोगातलं औषध नाही.

आता कण. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. केसाची जाडी ८० हजार नॅनोमीटरच्या आसपास, लाल रक्तपेशी सात-आठ हजार, आणि आईंच्या औषधातला कण ८० ते १०० नॅनोमीटर. साधारण एका विषाणूएवढा.

लायपोसोम हा मेदाच्या रेणूंचा पोकळ फुगा. आपल्या पेशीचं आवरण ज्या जातीच्या रेणूंचं बनतं त्याच जातीचे, दुहेरी थरात. असे फुगे पाण्यात आपोआप तयार होतात हे अ‍ॅलेक बँगहॅम यांनी १९६० च्या दशकात दाखवलं. पुढे येखेझ्केल बारेनहोल्झ आणि सहकाऱ्यांनी त्यात डॉक्सोरुबिसिन भरायची युक्ती काढली. फुग्याच्या पोटात आधीच अमोनियम सल्फेट असतं. औषध आत शिरलं की त्याचे स्फटिक बनतात आणि मग त्याला बाहेर पडता येत नाही. एकेका फुग्यात औषधाचे दहा हजारांहून जास्त रेणू मावतात.

बाहेरून पेग नावाच्या बहुवारिकाचे (पॉलिमरचे) तंतू लावलेले असतात. ते पाणी धरून ठेवतात, त्यामुळे शरीराच्या सफाई पेशींना हा कण लवकर ओळखू येत नाही. साधं डॉक्सोरुबिसिन शिरेतून दिलं की काही मिनिटांत रक्तातून निघून सगळ्या अवयवांत पसरतं, हृदयातही. फुग्यातलं औषध दोन दिवसांहून जास्त काळ रक्तात फिरत राहतं. हृदयाच्या रक्तवाहिन्यांची वीण घट्ट असते, तिथून हा कण सहज बाहेर पडत नाही. गाठीतल्या रक्तवाहिन्या घाईने, वेड्यावाकड्या वाढलेल्या असतात, तिथे तो झिरपतो आणि साठतो. मात्सुमुरा आणि माएदा या जपानी संशोधकांनी १९८६ मध्ये हे मांडलं होतं.

गणितवेडा

रेणूसूत्र, 'अब्जावा भाग' वाचून बरं वाटलं. मराठीत यासाठी 'अब्जांश तंत्रज्ञान' असा नेमका शब्द आहे, अब्ज म्हणजे शंभर कोटी, त्याचा अंश. 'नॅनो' मुळात ग्रीक, अर्थ खुजा माणूस. आपला शब्द जास्त काटेकोर आहे, मोजमापच सांगतो.

मेघना_र

शब्द सुरेख आहे, पण माझ्या आजीला 'अब्जांश औषध' म्हटलं तर तिला वाटेल औषधाची मात्रा अब्जांश आहे आणि ती म्हणेल, एवढंसं कसं पुरणार. :)

गणितवेडा

हे मात्र खरं! मोठी शंका आहे आजींची. मात्रा नेहमीसारखीच मिलिग्रॅममध्ये असते, पुडी तेवढी अब्जांश.

यंत्रमानवांच्या व्हिडिओंबद्दल अवांतर. भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी २९ डिसेंबर १९५९ च्या भाषणात अणूंच्या पातळीवर कामं करण्याची कल्पना मांडली. त्यात त्यांनी मित्र अल्बर्ट हिब्स यांची एक कल्पना सांगितली होती, की शल्यविशारद इतका लहान करावा की गिळता येईल आणि तो आत जाऊन हृदयाची झडप दुरुस्त करेल. 'नॅनोटेक्नॉलॉजी' हा शब्द पुढे १९७४ मध्ये नोरिओ तानिगुची यांनी वापरला. सांजवारांच्या ग्रुपवर फिरतंय ते या कल्पनेचंच चित्र आहे. प्रत्यक्षात वापरात असलेल्या कणांना ना मोटर, ना सुकाणू. रक्त नेईल तिकडे जातात.

शुभदा_सिस्टर

मी अठरा वर्षं केमोच्या डे केअरमध्ये परिचारिका आहे. शास्त्र वरच्यांनी सांगितलंच, मी खुर्चीजवळचं सांगते.

औषध लालसर, किंचित धुरकट दिसतं. एक-दोन दिवस लघवीला नारिंगी-लाल झाक येऊ शकते. आईंना आधी सांगून ठेवा, नाहीतर रक्त समजून घाबरतात. हे साध्या सलाइनमध्ये मिसळत नाहीत, ५ टक्के डेक्स्ट्रोजमध्येच देतात. पहिला डोस अगदी हळू सुरू करतो, कारण पहिल्या काही मिनिटांत काही जणांना चेहरा लाल होणं, छाती आवळणं, कंबर किंवा पाठ दुखणं असं होतं. थांबवलं की बहुतेकदा ओसरतं, मग आणखी हळू पुन्हा चालू करतो. आईंना एवढंच सांगा की काही वेगळं वाटलं तर तत्क्षणी सांगायचं. "सिस्टर कामात आहेत, नंतर सांगू" असं करायचं नाही. माझ्या एक काकू संकोचापायी चार-पाच मिनिटं गप्प बसल्या होत्या. अजून आठवलं की माझ्या पोटात गोळा येतो.

केस बहुतेकांचे टिकतात, पातळ होतात फार तर. जपायचं असतं ते तळहात-तळपायांना. हे कण त्वचेच्या बारीक रक्तवाहिन्यांतूनही झिरपतात आणि जिथे दाब, उष्णता, घासणं जास्त तिथे जास्त. बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या डोसनंतर तळवे लाल होतात, चुरचुरतात, नाही जपलं तर सोलवटतात. डोसनंतर काही दिवस कढत पाण्याने अंघोळ नको, घट्ट चपला-बूट नकोत, कपडे पिळणं, जोरात चोळणं नको. साधं मलम हलक्या हाताने लावायचं. आणि लाली दिसली की पुढच्या तारखेची वाट न बघता कळवायचं. वेळेत कळलं तर डोस पुढे ढकलता येतो, कमी करता येतो. तोंड येतं का तेही बघा.

सांजवारा

शुभदाताई, आईला तुमचा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला. 'संकोचापायी गप्प' या वाक्यावर ती म्हणाली, "ती मीच असते." आता सांगेन म्हणाली आहे. मनापासून आभार.

वाटसरू

सगळ्यांबद्दल आदर राखून थोडं वेगळं लिहितो. 'नॅनो' हा शब्द गेल्या वीस वर्षांत इतका वाजवलाय की तो ऐकला की मी सावध होतो. टोरांटो विद्यापीठातल्या वॉरेन चॅन यांच्या गटाने २०१६ मध्ये आधीच्या दहा वर्षांतले प्रयोग एकत्र करून पाहिले. शिरेतून दिलेल्या कणांपैकी गाठीपर्यंत किती पोचतात, तर मध्यांक ०.७ टक्के. हजारातले सात! बाकीचे बहुतेक यकृतात आणि प्लीहेत (पाणथरीत). 'गाठीवर नेम धरणारं औषध' हे वर्णन माणसाला खोटी आशा लावतं. माझ्या काकांच्या वेळी आम्ही अशाच शब्दांवर विसंबलो होतो, म्हणून लिहितोय.

आणि रेणूसूत्र यांनी सांगितलेलं झिरपण्याचं तत्त्वही आता निर्विवाद नाही. त्याच गटाने २०२० मध्ये दाखवलं की उंदरांच्या गाठींत रक्तवाहिन्यांच्या फटी फार थोड्या असतात, आणि बहुतेक कण वाहिनीच्या भिंतीतल्या पेशी स्वतः उचलून पलीकडे नेतात.

रेणूसूत्र

दोन्ही मुद्दे मान्य. १९८६ चं चित्र आता अपुरं ठरलंय, मी ते सरळ लिहायला नको होतं. ०.७ चा आकडाही खरा. पण तो प्राण्यांवरच्या प्रयोगांतला आहे, आणि तो कशाच्या तुलनेत बघायचा हेही महत्त्वाचं. साधं औषधही गाठीत थोडंच पोचतं, बाकी सगळीकडे पसरतं.

डॉ_निवांत

मी कर्करोगतज्ज्ञ आहे. वाटसरूंची चीड मला समजते, आणि तिच्यात तथ्य आहे.

पण या औषधाची बाजू मांडताना मी 'गाठीवर नेम' असं म्हणतच नाही. मी हृदयापासून सुरुवात करतो. साधं डॉक्सोरुबिसिन उत्तम औषध, पण त्याची आयुष्यभराची मर्यादा ठरलेली. एकूण मात्रा शरीराच्या दर चौरस मीटरमागे ५५० मिलिग्रॅमच्या पुढे गेली की हृदय कमकुवत होण्याचा धोका झपाट्याने वाढतो. पसरलेल्या स्तनाच्या कर्करोगात साधं आणि लायपोसोमल यांची समोरासमोर तुलना झाली, २००४ मध्ये निकाल आला. आजार आटोक्यात राहण्याचा काळ दोन्हीकडे सारखाच. हृदयाला इजा मात्र लायपोसोमल गटात स्पष्टपणे कमी. तळव्यांचा त्रास जास्त.

म्हणजे या कणाने औषध अधिक जहाल केलं नाही, त्याची इजा एका जीवघेण्या जागेवरून एका सोसवण्याजोग्या जागेवर हलवली. माझ्या लेखी ही मोठी गोष्ट आहे. दर चार आठवड्यांनी येणाऱ्या, घरात वावरणाऱ्या रुग्णासाठी तर फारच मोठी. सांजवारा, उपचाराआधी हृदयाची इको करतील. ती झाली का, हे विचारा.

पॅक्लिटॅक्सेलचंही असंच. ते पाण्यात विरघळत नाही, म्हणून एरंडेलापासून केलेल्या द्रावकात देतात. त्या द्रावकाची रिअ‍ॅक्शन येऊ नये म्हणून आधी स्टेरॉइड. आईंना दिलं असेल. २००५ मध्ये हेच औषध अल्ब्युमिन प्रथिनाशी बांधून १३० नॅनोमीटरच्या कणांत आलं. द्रावक गेलं. स्तनाच्या पसरलेल्या कर्करोगात ३३ टक्के रुग्णांच्या गाठी आकसल्या, जुन्या रूपात १९ टक्के. पण बोटांना मुंग्या येण्याचा त्रास वाढला. दर वेळी असा हिशोब मांडावा लागतो.

वाटसरू

डॉक्टर, 'इजा हलवली' हे पटलं. हे वाक्य काकांच्या वेळी कुणी बोललं असतं तर आमची अपेक्षाही योग्य जागी राहिली असती.

स्लाइडवाली

उपचारांवरच बोलताय सगळे, निदानाचं कुणी बोलेना! मी प्रयोगशाळा तंत्रज्ञ आहे.

सगळ्यात जास्त लोकांच्या हातात गेलेलं नॅनो साधन म्हणजे गर्भधारणा तपासणीची पट्टी. कोविडची घरगुती अँटिजेन पट्टीही तीच. पट्टीवर उमटणारी लाल रेघ ही शाई नव्हे. ते सोन्याचे कण असतात, बहुधा ४० नॅनोमीटरच्या आसपासचे. सोनं एवढं बारीक झालं की पिवळं राहत नाही, माणकासारखं लाल दिसतं, कारण त्याच्या पृष्ठभागावरचे इलेक्ट्रॉन हिरव्या प्रकाशाशी ताल धरून डोलतात आणि तो शोषतात. मायकेल फॅरडे यांनी १८५७ मध्ये अशा लाल सोन्याच्या द्रावावर निबंध लिहिला. कणांचा आकार मोजायचं साधनसुद्धा तेव्हा नव्हतं.

पट्टीत घडतं असं. सोन्याच्या कणांना प्रतिपिंड चिकटवलेले असतात. थेंब पडला की ओलीबरोबर कण पुढे सरकतात, वाटेत संप्रेरक किंवा विषाणूचं प्रथिन भेटलं तर त्याला धरतात. पुढे रेघेच्या जागी दुसरे प्रतिपिंड बसलेले, ते त्या प्रथिनाचं दुसरं टोक पकडतात. अनेक कण एका जागी अडकले की लाल रेघ. दुसरी रेघ फक्त सांगते की ओल शेवटपर्यंत पोचली, पट्टी चालली. ती उमटली नाही तर निकाल कसलाच नाही, पट्टी टाकून द्यायची. हे लोकांना किती वेळा सांगितलं तरी कमीच. (काही कंपन्या रंगीत लेटेक्सचे कण वापरतात, मग रेघ निळी येते.)

मेघना_र

माझ्या लेकीची पहिली खबर मला सोन्याच्या कणांनी दिली होती तर! ती पट्टी मी अजून जपून ठेवलीय. आता तिला दाखवताना सांगेन.

स्लाइडवाली

नक्की सांग! फक्त एक ध्यानात असू द्या सगळ्यांनी. रेघ न येणं म्हणजे नक्की 'नाही' असं नसतं. प्रथिन फार कमी असेल तर कण पुरेसे अडकत नाहीत. आणि क्वचित उलटही होतं. संप्रेरक प्रचंड असेल तर कणांवरचे आणि रेघेवरचे प्रतिपिंड वेगवेगळे भरून जातात, दोघांना जोडणारा दुवाच राहत नाही, आणि रेघ फिकी येते किंवा येतच नाही. अशा वेळी आम्ही नमुना पातळ करून पुन्हा लावतो. पातळ केल्यावर रेघ गडद होते. मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा पट्टी तिघांना नेऊन दाखवली होती.

पाऊलवाट

रक्तातून कर्करोग ओळखणारे नॅनो कण आहेत असं ऐकलं होतं. ते खरं?

स्लाइडवाली

अर्धं खरं. गाठीतून सुटून रक्तात फिरणाऱ्या पेशी मोजायची एक पद्धत आहे, अमेरिकेत २००४ पासून मान्य. लोहाच्या चुंबकीय नॅनो कणांना प्रतिपिंड लावतात, ते अशा पेशींना चिकटतात, मग चुंबकाने त्या ओढून घेतात. ७.५ मिलिलिटर रक्तात कोट्यवधी पेशी, त्यातून या मूठभर शोधायच्या. पसरलेल्या स्तनाच्या कर्करोगात पाच किंवा जास्त सापडल्या तर पुढची वाट कठीण असा अर्थ. म्हणजे ती आजाराचा अंदाज सांगते. धडधाकट माणसाला 'कर्करोग आहे का' हे सांगायला ती नाही. या चाचणीचं नाव घेऊन कुणी सरसकट तपासणी विकत असेल तर चार प्रश्न विचारा.

वाटसरू

+१. आणि शब्दाचा मोह किती असतो पाहा. बोटातल्या थेंबभर रक्तावर शेकडो तपासण्या करू म्हणणाऱ्या थेरानोस कंपनीने आपल्या चिमुकल्या कुपीचं नाव 'नॅनोटेनर' ठेवलं होतं. त्या कुपीत अब्जांश असं काहीच नव्हतं. २०२२ मध्ये संस्थापिका एलिझाबेथ होम्स गुंतवणूकदारांच्या फसवणुकीबद्दल दोषी ठरल्या. खरे सोन्याचे कण मात्र निमूटपणे पट्टीत बसून काम करत होते.

हिरवळ

मी सहसा लिहीत नाही, पण इथे लिहावंसं वाटतंय. माझ्या स्तनाच्या शस्त्रक्रियेआधी गाठीजवळ किरणोत्सर्गी टेक्नेशियम लावलेले बारीक कण टोचले होते. डॉक्टरांनी समजावलं की हे कण लसिकावाहिनीतून वाहत जाऊन काखेतल्या पहिल्या ग्रंथीत अडकतात. कर्करोग पसरला असेल तर वाटेत पहिली तीच लागते. शस्त्रक्रियेत एक छोटा शोधक फिरवतात, जिथे जास्त वाजेल ती ग्रंथी काढून तपासतात. माझी ती ग्रंथी स्वच्छ निघाली, म्हणून काखेतल्या बाकीच्या काढाव्या लागल्या नाहीत.

माझ्या आत्याच्या वेळी हे नव्हतं. तिच्या काखेतल्या सगळ्या ग्रंथी काढल्या आणि तिचा हात शेवटपर्यंत सुजलेला राहिला. ती त्या हाताने कधी बादली उचलू शकली नाही. माझे दोन्ही हात सारखे आहेत. त्या कणांचं नाव मला तेव्हा माहीत नव्हतं.

डॉ_निवांत

हिरवळ, हे लिहिलंत याबद्दल मनापासून आभार. ते कण नॅनो कलिलाचेच (द्रवात तरंगत राहणारे) असतात. फार बारीक असते तर ग्रंथीतून पुढे निसटले असते, फार मोठे असते तर टोचल्या जागीच बसून राहिले असते. टेक्नेशियमची किरणं सहा तासांत निम्मी होतात, त्यामुळे ती भीती फार काळ बाळगायला नको. किरणोत्सर्ग नको असेल तिथे चुंबकीय लोहाचे कणही याच कामाला वापरतात.

तिसरा_प्रहर

मी डायलिसिसवर आहे, सहा वर्षं. लोहाचं इंजेक्शन घेतो, आयर्न सुक्रोज. गेल्या आठवड्यात त्याचा कागद सवडीने वाचला. तेही यातलंच का?

औषधवाला

हो! मी रुग्णालयात औषधनिर्माता आहे. आयर्न सुक्रोज म्हणजे लोहाच्या संयुगाचा गाभा आणि भोवती साखरेचं वेष्टन, नॅनो कणच. मोकळं लोह थेट रक्तात सोडलं तर विषारी ठरतं. वेष्टनामुळे ते सावकाश सुटतं. सफाई पेशी कण गिळतात, लोह काढतात आणि ते नव्या लाल रक्तपेशींकडे जातं. फेरूमॉक्सिटॉल नावाचं याच घराण्यातलं औषध २००९ मध्ये आलं, किडनीच्या रुग्णांच्या पंडुरोगासाठी. त्यातलं लोह चुंबकीय असल्याने एमआरआयमध्ये रक्तवाहिन्या दाखवायलाही काही ठिकाणी वापरतात. पण तीव्र अ‍ॅलर्जीच्या घटनांमुळे २०१५ मध्ये त्यावर कडक इशारा छापायला लावला. म्हणून कुठलंही लोह शिरेतून देताना रुग्णाकडे लक्ष ठेवायचं.

विषय निघालाच आहे तर तळमळीची एक गोष्ट. बुरशीवरचं अ‍ॅम्फोटेरिसिन बी हे जुनं औषध मूत्रपिंडाला फार त्रास देतं. लायपोसोममध्ये भरलं की तो त्रास पुष्कळ कमी होतो, त्यामुळे वजनाच्या दर किलोमागे तीन ते पाच मिलिग्रॅम देता येतं. साध्या रूपात मात्रा दीड मिलिग्रॅमपलीकडे कधीच जाऊ नये. आता विचार करा, चिठ्ठीवर नुसतं 'अ‍ॅम्फोटेरिसिन' लिहिलं आणि लायपोसोमलची मात्रा साध्या कुपीतून गेली तर? जीव जाऊ शकतो. डॉक्सोरुबिसिनलाही हाच नियम, दोन्ही रूपं एकमेकांच्या जागी चालत नाहीत. सांजवारा, चिठ्ठीवर आणि पिशवीच्या लेबलवर 'लायपोसोमल' हा पूर्ण शब्द आहे का ते स्वतः वाचा. विचारलंत म्हणून कुणी रागावणार नाही, आणि रागावलं तरी विचारा.

शुभदा_सिस्टर

अनुमोदन. आमच्याकडे दोन सिस्टर मिळून नाव, मात्रा, लेबल मोठ्याने वाचतो. नातेवाइकांनी ऐकावं, उलट विचारावं.

पाऊलवाट

कोविडच्या एमआरएनए लसींतही असे कण होते ना? तेही लायपोसोमच का?

रेणूसूत्र

थोडे वेगळे. लायपोसोम पोकळ असतो. लसीत मेदाचा भरीव गोळा असतो आणि एमआरएनए, म्हणजे पेशीला प्रथिन बनवायचा संदेश देणारा रेणू, आत गुंडाळलेला. चार घटक: आम्लात विद्युतभार घेणारा एक मेद, कोलेस्टेरॉल, फॉस्फोलिपिड आणि पेग लावलेला मेद. उघडा एमआरएनए रक्तातली विकरं (एन्झाइम) काही क्षणांत तोडून टाकतात. पेशीने गोळा गिळला की आतल्या आम्लात पहिला मेद भार घेतो, पिशवी फाटते आणि संदेश बाहेर पडतो. कारिको आणि वाइसमन यांना २०२३ चं नोबेल एमआरएनएतल्या बदलासाठी मिळालं, पण त्यांचा संदेश पेशीत पोचवला तो या गोळ्याने. आणि हा गोळाही एकाएकी आला नाही. २०१८ मध्येच पॅटिसिरान नावाचं औषध अशा गोळ्यातून आलं होतं, एका आनुवंशिक आजारात यकृत जे बिघडलेलं प्रथिन बनवतं ते थांबवण्यासाठी.

मेघना_र

सांजवारांचा तिसरा प्रश्न राहिलाच की! कण नंतर जातात कुठे?

रेणूसूत्र

बरं झालं आठवण केलीत. कण कशाचा आहे त्यावर अवलंबून. साधारण साडेपाच नॅनोमीटरच्या आतले कण मूत्रपिंड गाळून बाहेर टाकतं. त्याहून मोठे यकृत आणि प्लीहेतल्या सफाई पेशींकडे जातात. लायपोसोमचे मेद शरीर अन्नातल्या मेदासारखेच मोडून वापरतं. लोह रक्तात कामी येतं. सोनं मोडत नाही, बराच काळ राहू शकतं, पण पट्टीतलं सोनं शरीरात जातच नाही. क्वांटम डॉट नावाच्या चमकणाऱ्या कणांना २०२३ चं रसायनाचं नोबेल मिळालं, पण अनेकांत कॅडमियम असतं, म्हणून ते परीक्षानळीत शोभतात, शिरेत नकोत. 'नॅनो सुरक्षित आहे का' या प्रश्नाला एकच उत्तर नाही. कुठला कण, ते आधी विचारायचं.

डॉ_निवांत

हा धागा वाचता वाचता मला एक गोष्ट नव्याने लख्ख दिसली.

वाटसरूंनी लिहिलं, कण यकृत आणि प्लीहेत जातात, गाठीत थोडेच पोचतात. आपण हे अपयश म्हणून मोजतो. आता तिसरा_प्रहर यांचं लोह बघा. त्याला सफाई पेशींकडेच जायचं असतं. काळा आजार बघा. त्याचा परजीवी प्लीहा, यकृत आणि अस्थिमज्जेतल्या त्याच सफाई पेशींत घर करून राहतो, त्या पेशी लायपोसोमल अ‍ॅम्फोटेरिसिन स्वतःहून गिळतात, आणि किलोमागे १० मिलिग्रॅमच्या एकाच डोसात बहुतेक रुग्ण बरे होतात. पॅटिसिरानला यकृतच गाठायचं होतं. हिरवळ यांच्या काखेतल्या ग्रंथीत कण अडकला तो ग्रंथीच्या स्वभावाने.

शरीर कणाला जिथे नेतं, तिथेच ज्याचं काम आहे ते नॅनो औषध आज भक्कम उभं आहे. जिथे शरीराच्या ओढीविरुद्ध जायचंय, जसं घट्ट गाठीत किंवा मेंदूत, तिथे चाल धीमी आहे आणि ती तशी सांगितली पाहिजे. सांजवारांच्या आईंचं औषध या दोन्हींच्या मध्ये आहे. हृदय वाचवण्यात खात्रीचं, गाठीवर साध्या औषधाइतकं. त्यांना आशा दाखवायची तर हीच दाखवा, ही टिकणारी आहे.

वाटसरू

डॉक्टर, हा प्रतिसाद मी उतरवून ठेवला.

सांजवारा

उशीर झाला, माफ करा. परवा पहिला डोस झाला.

इको आधीच झाली होती, चांगली आहे. लेबलवर पूर्ण शब्द मी वाचला, मग थोरल्या भावाने वाचला, मग सिस्टरांनी हसून आमच्यासाठी मोठ्याने वाचला. औषध सुरू होऊन दोनेक मिनिटं झाली असतील, आईने हात वर केला. "सिस्टर, कंबर दुखतेय." लगेच थांबवलं. दहा मिनिटांत दुखणं गेलं, मग हळू लावलं आणि पूर्ण झालं. येताना गाडीत म्हणाली, "त्या ताईंना कळव, मी गप्प बसले नाही."

भावाला मी हा धागा पाठवला होता. काही बोलला नाही, पण काल आईसाठी पुढून मोकळ्या, मऊ चपला घेऊन आला, एक माप मोठ्या.

रात्री आईने विचारलं, ते फुगे आत्ता कुठे असतील? मी म्हटलं, अजून रक्तात फिरताहेत, दोन दिवस तरी फिरतील. ती हाताकडे बघत राहिली आणि म्हणाली, "फिरू देत."

पुढचा डोस चार आठवड्यांनी. तळवे रोज सकाळी बघतोय, अजून लाली नाही. दिसली तर आधी तिकडे फोन, मग इथे लिहितो.

शुभदा_सिस्टर

पोचलं, ताईंना कळलं. आईंना माझा नमस्कार सांगा. तळव्यांना मलम रात्री झोपताना लावा, आणि वर सैल सुती मोजे.